मेल्याचं तोंड फुटो

१

"मॅडम, तुम्ही फक्त लिहून द्या. 'मारहाणीमुळे जबडा मोडला.' एवढं एकच वाक्य."

टेबलावर कुत्रं थरथरतंय, मी अजून त्याला हातसुद्धा लावलेला नाही, आणि मालकाला कागद हवाय! माझं डोकं तिथंच फिरलं. म्हटलं, "अहो, डॉक्टरकडे आलाय की वकिलाकडे? व्हा बघू बाजूला."

मी डॉक्टर विजयश्री ओव्हाळ. मोशीत माझा जनावरांचा दवाखाना आहे. माझ्या जिभेला हाड नाही, हे इथल्या सगळ्या सोसायट्यांना ठाऊक आहे, तरी लोक येतात. जनावराशी मी गोड बोलते, तेवढं त्यांना पुरतं.

कुत्र्याचं नाव बंड्या. पांढरा स्पिट्झ, चांगलाच म्हातारा. खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता आणि लाळेत रक्ताची तार होती. कागद मागणारा मालक म्हणजे निरंजन. चाकणच्या एका कंपनीत प्रॉडक्शनला होता आणि शिफ्ट अर्धी टाकून युनिफॉर्मवरच आला होता. त्याच्यामागे भिंतीला टेकून त्याचे वडील उभे होते, दौलतराव. पिंपरीतल्या कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झालेले, नीटनेटके, इस्त्रीचा शर्ट. निरंजनची बायको बाळंतपणाला कराडला माहेरी गेलेली, त्यामुळे घरात सध्या बापलेक आणि बंड्या.

"डॉक्टरीणबाई, जेवेल ना हो हा?" दौलतरावांनी भिंतीपासूनच विचारलं. "दाढेवाचून जेवतात ना कुत्री?"

"काका, आधी बघू तर द्या मला."

वेदनेचं इंजेक्शन दिलं, गुंगी चढू दिली आणि मग तोंड उघडलं. अरे देवा, काय ती घाण! दातांवर पिवळट थर, हिरड्या सडलेल्या. त्या दुर्गंधीतही लवंगेचा एक उग्र वास माझ्या नाकात शिरला. उजवीकडची खालची मोठी दाढ जागेवर नव्हती. तिथं नुसता खड्डा होता आणि त्यात रक्त गोठलेलं. शेजारच्या दातावर दोन-तीन बारीक, ताज्या, एकसारख्या रेघा होत्या. जबडा तिथंच मोडला होता. बाहेरून मात्र गालावर सूज नाही, ओठ फाटलेला नाही. मानेखालच्या पांढऱ्या केसांत मोहरीचे दाणे आणि मिठाचे खडे अडकले होते. स्वयंपाकघरात लोळला असेल, म्हणून मी ते झटकून टाकले.

"कुणी मारलं म्हणताय?" मी विचारलं.

"आमच्या सरूबाई मावशी. स्वयंपाकाला येतात," निरंजन म्हणाला. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. "बाबा दिवसभर एकटे असतात म्हणून हॉलमध्ये कॅमेरा लावलाय. किचन दिसत नाही, पण आवाज येतो. ऐका."

आधी कुकरची शिट्टी. तिच्याखाली बाईमाणसाचं काहीतरी पुटपुटणं, शब्द लागत नव्हते. मग शिट्टी विरली आणि एकदम स्पष्ट आवाज आला.

"...त्याचं तोंड फुटो मेल्याचं!"

पाठोपाठ कडकडकड असा आवाज. आणि मग बंड्याची अशी किंकाळी, की टेबलावर गुंगीत पडलेलं ते कुत्रं राहिलं बाजूला, माझ्याच अंगावर काटा आला.

२

एक्स-रे काढला. काचेवर लावला आणि दोघांना जवळ बोलावलं.

"हे बघा. कुत्र्याचा जबडा मोडतो तो बहुतेक गाडीची धडक बसून, गॅलरीतून पडून, मोठ्या कुत्र्याशी मारामारीत, नाहीतर माणसानं लाथ किंवा काठी घातल्यावर. पण ही लहान जातीची म्हातारी कुत्री वेगळी असतात. यांचे दात मोठे आणि हाड चिमुकलं. दात सडले की पू मुळाशी उतरतो आणि हाड आतून खातो. मग ते इतकं पातळ होतं, की कडक टोस्ट चावला तरी मोडू शकतं. कधीकधी तर दाढ काढताना आम्हा डॉक्टरांच्याच हातून मोडतं. ही काळी जागा दिसतेय? इथं हाडच उरलेलं नाही. तोंडाला वास येत होता ना याच्या?"

"येतोच की कुत्र्याच्या तोंडाला," निरंजन म्हणाला.

"येत नसतो! हेच तर सगळे म्हणतात. वास म्हणजे आजार. दूध-बिस्कीट, दूध-पोळी खाऊ घालायची आणि दाताकडे कधी बघायचं नाही."

दौलतराव खाली फरशीकडे बघत होते. निरंजनचा चेहरा जरा उतरला, पण गडी वाकला नाही.

"ठीक आहे मॅडम, हाड कच्चं होतं. पण कच्चं हाड काय आपोआप मोडतं? कुणीतरी हात लावला तेव्हाच मोडलं ना? तुम्ही ऐकलंत की. आणि ऐकायचं तरी कशाला? मावशी स्वतःच कबूल करताहेत."

"काय कबूल करताहेत?"

"'मीच फोडलं त्याचं तोंड.' माझ्यासमोर म्हणाल्या, सिक्युरिटीसमोर म्हणाल्या. मी त्यांना गेटवर बसवून ठेवलंय. चौकीत बोलणं झालंय, संध्याकाळी तक्रार घेऊन या म्हणालेत. डॉक्टरचा कागद लागेल."

माझ्यापुढं दोन गोष्टी होत्या: मुक्या जनावराचं मोडलेलं तोंड आणि माझी सही. सही खरी ठरली तर चांगलंच. खोटी ठरली, तर कुणा बाईच्या तोंडचा घास जाणार, वर पोलीस. कच्च्या हाडाला एक थप्पड पुरते. तिनं मारलंच नसेल, असं मला छातीठोक सांगता येईना.

"मला त्या बाईंना भेटायचंय," मी म्हटलं. "भेटल्याशिवाय मी काहीही लिहिणार नाही."

बंड्याचं तोंड चिकटपट्टीच्या मुसक्यानं सैलसर बांधलं, सलाईन लावलं, त्याला माझ्या कंपाउंडरच्या, गणराजच्या हवाली केलं आणि निघाले. गाडीत दौलतराव मागच्या सीटवर बसले होते. नाशिक हायवेवर कंटेनरांच्या रांगेत आम्ही अडकलो, तरी त्या माणसानं चकार शब्द काढला नाही.

३

गेटवरच्या केबिनमध्ये सरूबाई स्टुलावर बसली होती. साठीकडे झुकलेली, नऊवारी नेसलेली, मांडीवर कापडी पिशवी. खेड तालुक्यातल्या गावची. या एकाच सोसायटीत ती चार घरी स्वयंपाक करायची, निरंजनकडे सकाळ सरल्यावर यायची. वॉचमन सयाजी दारात अवघडून उभा होता.

"मॅडम, माझा काय इलाज न्हाई," तो मला हळूच म्हणाला. "साहेबांनी गेटच्या ॲपवर हिला ब्लॉक केलंय. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलाय, 'या बाईला कुणी कामावर ठेवू नका' म्हणून. बाकीच्या तिन्ही घरांनी पण ब्लॉक केली. दुपारपासनं पाणी पण पीत न्हाई ती."

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. निरंजन दाराशी आणि दौलतराव बाहेर खिडकीपाशी उभे राहिले.

"मावशी, मी बंड्याची डॉक्टर. कशानं मारलंत त्याला?"

"मारलं न्हाई."

"मग?"

"मीच फोडलं त्याचं तोंड."

"अहो, मारलं नाही आणि फोडलं कसं? पडलं का काही त्याच्यावर? लाटणं? कुकर?"

"न्हाई."

"हात तरी लावला होतात का?"

तिनं आपले दोन्ही हात उलटे करून बघितले. "लावला. गालाला. तेवढाच."

"तोंडात बोट घातलंत? औषधबिषध?"

"न्हाई बाई. तोंडात कशाला घालू?"

"मग हे झालं कसं?"

"माझ्याच तोंडानं झालं." आणि तिनं पदर तोंडात कोंबला. पुढं एक अक्षर नाही.

"बघा!" निरंजन म्हणाला. "आणखी काय पाहिजे मॅडम?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण कुणावर काढू? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणाऱ्या या बाईवर? माझं पेन पर्समध्येच होतं. हात तिकडे गेलासुद्धा. मारलं नाही म्हणते, गालाला हात लावला म्हणते, वर मीच फोडलं म्हणते. कोर्टात कुणी ऐकून घेणार होतं का?

"संध्याकाळ होत आली मॅडम," निरंजन म्हणाला. "लिहिताय ना?"

तेवढ्यात सयाजी बोलला. "मॅडम, एक सांगू का? त्या कुत्र्याचं थोबाड फोडतो, असं दुसरंच माणूस म्हणत व्हतं. सगळ्या ग्रुपवर म्हणत व्हतं."

४

ते माणूस म्हणजे प्रज्वल, निरंजनच्या अगदी खालच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहणारा. चाकणला नाइट शिफ्ट करून दिवसा झोपणारा, एकटा माणूस. दार उघडलं तेव्हा डोळे तारवटलेले, अंगात बनियन.

"बंड्याचं थोबाड फोडतो म्हणाला होतास?" मी सरळच विचारलं.

"म्हणालो होतो ना!" त्यानं कपाळावर हात मारला. "अहो मॅडम, रात्रभर मशिनवर उभं राहून यायचं, डोळा लागला की वरून भौ भौ. बोललो रागात. म्हणून काय खरंच फोडतो का राव? माझ्या गावाकडं चार कुत्री आहेत."

"आज कुठं होतास?"

"इथंच, झोपलेलो. आज तर मस्त झोप लागली. सकाळपासून एकदा म्हणून भुंकला नाही तो. दुपारी एकदाच असा ओरडला, की मी पलंगावरून उठून बसलो."

निरंजन माझ्यामागे जिन्यात उभा होता. "खोटं बोलतोय," तो पुटपुटला.

"सकाळी दिसला होता का तुला बंड्या?"

"दिसला की. शिफ्टवरून आलो तेव्हा आजोबा पार्किंगच्या नळावर त्याचं तोंड धूत होते. मी म्हटलं, काय आजोबा, चूळ भरायला शिकवताय का? तर हसले पण नाहीत. एरवी चहा घेतला का विचारतात." प्रज्वल माझ्याकडे बघत राहिला. "का हो? मेलं का कुत्रं?"

"नाही मेलं."

"हा, मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याचा जीव खरोखरच भांड्यात पडलेला मला दिसला.

मी जिन्यात क्षणभर थांबले. भुंकणारं कुत्रं सकाळपासून गप्प. ज्याचं तोंड दुखतंय ते भुंकणार कसं? आणि सरूबाई तर सकाळ सरल्यावर कामाला येते.

"निरंजन, तुमचं स्वयंपाकघर दाखवा मला."

"त्यात काय बघायचंय आता? चौकी..."

"चौकी पळून जात नाही. चला!"

५

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि मला ठसका लागला. खिडक्या उघड्या, तरी मिरचीची धांस अजून भरून राहिली होती. गॅसवर लोखंडी तवा होता. त्यावर काळ्या पडलेल्या लाल मिरच्या, जळकी मोहरी, तडतडून फुटलेलं मीठ. कोपऱ्यात बंड्याची वाटी. दूध चाटून संपवलेलं, पोळीचे तुकडे जसेच्या तसे फुगून पडलेले.

मी तव्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं आणि स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. मोहरी आणि मीठ कुत्र्याच्या केसांतून माझ्याच हातानं झटकलं होतं मी! आमच्या घरी माझी आजी हेच करायची. पोर किरकिरलं, घास घेईना, की मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळायच्या आणि तव्यावर टाकायच्या. एवढं शिकून मला ते ओळखू आलं नाही.

जिने उतरताना मी जवळजवळ धावतच होते. केबिनमध्ये शिरले आणि म्हटलं, "मावशी, दृष्ट काढलीत ना बंड्याची?"

सरूबाईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग घाबरून निरंजनकडे.

"घरात असलं काही करायचं न्हाई म्हनून साहेबांनी बजावलं व्हतं मला. धूर व्हतो, अंधश्रद्धा हाय म्हनले."

"राहू द्या साहेबांना. का काढलीत?"

"आल्यापासनं जेवला न्हाई लेकरू. दूध चाटलं, पोळीला तोंड न्हाई लावलं. नुसता कोपऱ्यात बसला, लाळ गाळत. काल कसा उड्या मारत व्हता! म्हटलं, कुनाची तरी नजर लागली. ओवाळलं. म्हटलं, ज्या कुनाची नजर लागली असंल त्याचं तोंड फुटो मेल्याचं." ती हुंदका गिळून पुढं म्हणाली, "मग त्याच्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडली. पुन्यांदा हात फिरवला, तर हा किंचाळला अन् तोंड खाली लोंबलं. ज्याचं फुटो म्हनले ते राह्यलं बाजूला, माझ्या लेकराचंच फुटलं! माझीच जीभ वाईट. मीच फोडलं ना मग?"

सयाजीनं तोंड फिरवलं.

"बोटं मोडून दाखवा," मी म्हटलं.

तिनं माझ्याच गालांवरून हात उतरवले, आपल्या कानशिलांवर टेकवले आणि बोटं मोडली. कडकडकड. रेकॉर्डिंगमधला आवाज, अगदी तोच.

"ऐकलंत?" मी निरंजनकडे वळले. "हाड एकदाच मोडतं. कडकडकड अशी बोटं मोडतात. आणि आधी आवाज, मग किंकाळी. पहिल्यांदा हात फिरवला तेव्हा मावशींनी बोटं मोडली. दुसऱ्यांदा तोच हात दुखऱ्या जागेवर टेकला, म्हणून बंड्या ओरडला. मोडलेलं हाड तेव्हा जरासं सरकलं आणि तोंड लोंबलं, बस्स. शिव्या त्याला नव्हत्या, दुसऱ्याला होत्या. तुमच्या कुकरनं अर्धं वाक्य खाल्लं. आणि मुख्य गोष्ट, दृष्ट काढली कारण तो जेवत नव्हता. म्हणजे जबडा मावशी यायच्या आधीच मोडला होता."

निरंजनचा चेहरा पांढराफटक पडला. मग लाल झाला. "म्हणजे प्रज्वल! सकाळी आला तेव्हाच... त्याला तर मी सोडत नाही!"

तो दाराकडे धावला. मी त्याची बाही धरली.

"थांबा. सकाळी बंड्या प्रज्वलच्या हाती नव्हता. कुणाच्या हाती होता, ते तुम्ही आत्ता जिन्यात ऐकलंत. फक्त ते तुमच्या कानात शिरलं नाही."

६

खिडकीबाहेर दौलतराव उभे होते. मी हाक मारली नाही. ते आपणहून आत आले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या पोरासमोर उघडं पाडायचं म्हणजे काही चांगलं काम नव्हे. पण स्टुलावर ती बाई बसली होती.

"काका, दवाखान्यात तुम्ही मला विचारलंत, दाढेवाचून कुत्री जेवतात का. तेव्हा मी त्याचं तोंड उघडलंसुद्धा नव्हतं. सगळे जबडा जबडा करत होते. दाढ गेलीय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ते सरूबाईच्या पिशवीकडे बघत राहिले.

"त्याच्या तोंडाला लवंगेच्या तेलाचा वास होता. मावशींनी तोंडात काही घातलं नाही. लवंगेचं तेल कोण लावतं? ज्याला ठाऊक आहे की दुखणं दाताचं आहे, तोच. मारानं दाढ गेली असती तर तुटली असती, मुळं आत राहिली असती. ही मुळासकट निघालीय, पिळून काढलेली. आणि शेजारच्या दातावर एकसारख्या रेघा आहेत. पक्कड घसरली की पडतात तशा. माझे वडीलही कंपनीतच होते काका. आमच्या घरात काहीही बिघडलं, की पहिली पक्कड निघायची."

"बाबा?" निरंजनचा आवाज लहान पोरासारखा निघाला.

दौलतरावांनी चष्मा काढला, पुसला, पण घातला नाही.

"एवढीशी हलत होती," ते म्हणाले. "बोटानं हलत होती हो. मला वाटलं, ती काढली की वास जाईल." मग ते पोराकडे वळले. "तूच म्हणालास ना, घरात घाण वास मारतो, बाळ यायच्या आत कुत्रं कुठंतरी सोडून यायचं? मी काय करणार होतो? आयुष्यभर मायक्रॉनच्या मापात काम केलं मी. म्हटलं, एक दाढ काय! खाली पार्किंगमध्ये नेलं. त्यानं बिचाऱ्यानं आ केला, माझ्यावर विश्वास ठेवून. दाढ निघाली आणि हाताला कट्कन लागलं काहीतरी. तेव्हाच समजलं मला, नको ते मोडलंय. तोंड धुतलं, तेल लावलं, वर नेऊन बसवलं. म्हटलं, बरं होईल दोन दिवसांत."

"मला सांगायचं ना बाबा!"

"तुला सांगितलं असतं, तर आजच बंड्याला घालवलं असतंस. आणि मलाही बोल लावला असतास. घर तुझं आहे."

निरंजन मटकन खुर्चीत बसला. मग त्यानं मोबाइल काढला आणि सरूबाईकडे न बघता म्हणाला, "मावशी, चुकलं माझं. ॲपवरून ब्लॉक काढतो. ग्रुपवरचा मेसेजही डिलीट करतो. उद्यापासून या तुम्ही."

सरूबाई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती दौलतरावांकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "दुपारपासनं मी घसा फोडून सांगतीय, मीच फोडलं, मीच फोडलं. तुमी खिडकीत उभं राहून ऐकत व्हता की."

"सरूबाई..."

"मला पोलिसात घालनार व्हते. तुमाला भाकरी मऊ लागती म्हनून मी दोनदा पीठ मळती. अन् तुमी ऐकत व्हता."

मी त्यांची बाजू घ्यायला तोंड उघडलं होतं, म्हातारपणाची, भीतीची, कुत्र्यावरच्या मायेची. सरूबाईचा चेहरा बघितला आणि मिटलं.

"डिलीट करतो मावशी," निरंजन पुन्हा म्हणाला. "हे बघा, आत्ता करतो."

"पुसून काय व्हतंय? बघायचं त्यांनी बघितलं. माझ्या सुनंनं बघितलं, ती शेजारच्या बिल्डिंगीत काम करती." तिनं पिशवी खांद्याला लावली. "कामाला मी येनार न्हाई. पन माझा फोटू जिथं गेला, तिथं सांगा. ज्यानं केलं त्यानं सांगा."

दौलतरावांनी हात पुढं केला आणि पोराच्या हातातून फोन घेतला.

"बाबा, मी टाइप करतो ना," निरंजन म्हणाला. "गैरसमज झाला होता, असं लिहितो. तुमचं नाव कशाला? तुम्ही कमिटीवर आहात."

"माइक कुठला यातला?" दौलतरावांनी विचारलं.

सयाजीनं दाखवला. त्यांनी तो अंगठ्यानं दाबून धरला.

"मी दौलतराव बोलतोय, बी विंगमधून. आमच्या बंड्याचा जबडा मी मोडला. पक्कडीनं दाढ काढायला गेलो आणि मोडला. सरूबाईंनी काही केलेलं नाही. आळ त्यांच्यावर आला, तेव्हा मी तिथं होतो आणि गप्प बसलो. भ्यालो म्हणून गप्प बसलो. त्यांचा फोटो जितक्या जणांनी बघितला, तितक्या जणांनी हे ऐकावं."

अंगठा उचलला. मेसेज गेला. लगेच सयाजीच्या खिशातला फोन वाजला आणि त्यानं तो बाहेर काढून मोठ्या आवाजात लावला. दौलतराव मान खाली घालून आपलाच आवाज ऐकत उभे राहिले. निरंजन खिडकीबाहेर बघत होता.

निघायला उठलेली सरूबाई पुन्हा स्टुलावर बसली. कानांवरचा पदर मागे सारला. आवाज संपेपर्यंत तिनं डोळे मिटून ऐकलं.

"परत लाव," ती सयाजीला म्हणाली.